पाव मैलाची घोडी

ओक्लाहोमातल्या आमच्या भाड्याच्या घरामागे कपडे वाळत घालायची दोरी होती, दोरीच्या पलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे घोडे. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. तो सकाळी सहाला जीप घेऊन विहिरींकडे जायचा आणि अंधार पडताना धुळीने माखून परत यायचा. गावात आम्ही सोडून मराठी माणूस नव्हता. सगळ्यात जवळचं मराठी घर दोन तासांवर, शहरात, एका डॉक्टर जोडप्याचं. त्यांच्याकडे दिवाळी-संक्रांतीला जायचो. एरवी दिवसभर मी, ती दोरी आणि ते घोडे.

मी जनावरांची डॉक्टर होते. म्हणजे मुंबईत झाले होते. वर्गात आम्ही तीनच मुली. पास झाल्यावर एक वर्ष तालुक्याच्या दवाखान्यात म्हशी, बैल, शेळ्या केल्या आणि मग लग्न होऊन इकडे आले. इथे त्या पदवीला परीक्षा दिल्याशिवाय अर्थ नव्हता. परीक्षेची जाडजूड पुस्तकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेली असत आणि मी खिडकीतून घोडे बघत बसे. आखूड पाठीचे, मागून भरदार, मांड्या अशा की वाटावं दोन घोड्यांचा जोर एकात घातलाय. ते क्वार्टर हॉर्स आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरळ रस्त्यावर पाव मैल धावण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं जनावर नाही, म्हणून ते नाव. पाव मैल म्हणजे चारशे मीटर. बावीस-तेवीस सेकंदांत सगळं संपतं.

त्या घोड्यांचे मालक शेजारचे म्हातारा-म्हातारी होते. दोघंही साठीच्या पुढची. काका आधी तेलाच्या विहिरी खोदण्याच्या कामावर होते. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी तिथेच घालवली होती. काकू शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. तोंडावर मी त्यांना मिस्टर आणि मिसेस म्हणे, पण मनात पहिल्यापासून काका-काकूच. पहिलं दीड वर्ष आमचा संबंध हात हलवण्यापुरता होता. काका टोपीच्या काठाला बोट लावायचे, मी मान हलवायची.

फेब्रुवारीतली सकाळ. मी चादरी वाळत घालत होते. कुंपणापासून पन्नास पावलांवर एक कुमैत, तांबूस तपकिरी घोडी आडवी पडली होती आणि काका-काकू तिच्याजवळ गुडघे टेकून बसले होते. घोड्या सहसा कुणी बघत नसताना वितात. ही मात्र भर उजेडात व्यायला बसली होती. मी चिमटे हातात घेऊन बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घोडीचं बाळंतपण पटकन व्हायला हवं. म्हशीसारखा तिच्याकडे वेळ नसतो. अर्ध्या तासात सुटली नाही तर पिल्लू जातं.

मी कुंपणातून वाकून पलीकडे गेले. पायात सपाता, अंगावर साडी. घरात मी तेव्हा साडीच नेसत होते.

"नाक दिसतंय आणि एकच पाय," काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या, जणू मी तिथे असणं ठरलेलंच होतं. "डॉक्टरला फोन केलाय. चाळीस मैलांवर आहे."

काकांनी हात आत घातलेला होता. त्यांचा दंड माझ्या मांडीएवढा. घोडी कण्हत होती आणि त्यांचा हात पुढे सरकत नव्हता.

"दुसरा पाय गुडघ्यात दुमडलाय," मी म्हटलं. "मला बघू द्या. मी जनावरांची डॉक्टर आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग साडीकडे, मग माझ्या हाताकडे. "घोड्या केल्यात?"

"नाही. म्हशी केल्यात."

ते बाजूला झाले. काकू घरात जाऊन साबण, गरम पाणी आणि स्वयंपाकाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. मी पदर खोचला, हात खांद्यापर्यंत धुतला, तेल लावलं आणि आत घातला. मला आजही तो स्पर्श आठवतो. उबदार, घट्ट, आणि आत एक छोटं खूर, रबरासारखं मऊ आवरण असलेलं. कळ आली की माझा हात चेपून निघायचा. कळ ओसरली की पिल्लाला मागे ढकलायचं, खूर मुठीत झाकून घ्यायचं म्हणजे आईला आतून फाटणार नाही, आणि गुडघा वर उचलत पाय पुढे आणायचा. तीनदा निसटला. चौथ्यांदा आला.

"आता ओढा," मी म्हटलं. "कळ आली की. खाली, तिच्या पायांच्या दिशेनं."

काका आणि मी, दोघांनी एकेक पाय धरला. शिंगरू एकदम घसरून बाहेर आलं आणि मी गवतात मागे बसले. ते हलत नव्हतं. काकूंनी त्याच्या नाकातलं चिकट पुसलं, मी गवताची काडी घेऊन नाकपुडीत घातली आणि ते शिंकलं. शिंकेनंतर पहिला श्वास.

मादी होती. कपाळावर पांढरा पट्टा आणि चारही पाय गुडघ्याखाली पांढरे. माझ्या तोंडून मराठीत निघालं, "पंचकल्याणी."

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं की आमच्याकडे अशा घोडीला शुभ मानतात. ते हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवून त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. मग आम्ही नाळेला आयोडिन लावलं, चीक पाजला, वार पडल्यावर ती गवतावर पसरून अखंड आहे ना ते तपासलं. डॉक्टर आला तेव्हा शिंगरू चार काड्यांसारख्या पायांवर उभं राहत होतं. त्याने सगळं पाहिलं आणि "छान झालंय" एवढंच म्हणून कॉफी प्यायला बसला.

साडी पार गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या दारावर थाप पडली. काका उभे होते, टोपी हातात.

"डॉक, अजून सहा घोड्या व्यायच्यात. येशील?"

या देशात मला डॉक्टर म्हणणारा तो पहिला माणूस.

मग मी रोज जाऊ लागले. सकाळी नवरा गेला की काकूंनी दिलेले जुने बूट घालायचे आणि कुंपण ओलांडायचं. काकांनी लवकरच तिथे कुंपण कापून एक छोटं फाटक बसवलं. मी खरारा करायला शिकले, घोड्याच्या मागून जाताना त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बोलत जायला शिकले. लसूणघास इथेही होता. गंजीतून पेंढी सोडली की हिरवा, गोडसर वास उठायचा आणि मला माझ्या वडिलांच्या दवाखान्यामागची घासाची पट्टी आठवायची.

घोडे काका सांभाळत, पण कुठली घोडी कुठल्या घोड्याकडे न्यायची हे काकू ठरवत. त्यांच्या स्वयंपाकघरात एका कपाटात पाककृतींची पुस्तकं आणि दुसऱ्यात वंशावळी. फोडणीला घालायचं तसं त्या मोजून मापून बोलायच्या. "हिची आजी सुटायला वेगवान, पण शेवटी दम टाकायची. म्हणून हिला असा घोडा हवा जो शेवटी पळतो." त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच असायचं, भाजी चिरतानाही. चाळीस वर्षं दोघांनी मिळून ही पैदास केली होती. गावाकडच्या शर्यती जिंकल्या होत्या, पण मोठ्या ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत त्यांचा घोडा कधीच उभा राहिला नव्हता.

त्या शिंगराचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, आजोबा-पणजीच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. घरात तिला सगळे 'पोरगी' म्हणत.

माझे वडील, अण्णा, खानदेशात पशुधन पर्यवेक्षक होते. डॉक्टर नव्हते, पण पंचक्रोशीतले लोक डॉक्टरच्या आधी त्यांना हाक मारत. लहानपणी ते मला सायकलवर बसवून घोडेबाजाराला नेत आणि गर्दीत उभं राहून घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे, दात, चाल दाखवत. पोरगीबद्दल मी त्यांना पत्रात लिहिलं. उलट टपाली निळं एअरोग्राम आलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. गळ्याखाली भोवरा आहे का बघ. असला तर कुठल्या बाजूला वळतो ते कळव. चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर पडतं की पुढे जातं?

मी ते काकांना वाचून दाखवलं. माझ्या इंग्रजीत, अडखळत. काका पत्र संपेपर्यंत हातातलं काम थांबवून उभे राहिले. मग सरळ पोरगीकडे गेले, तिचा गळा चाचपला आणि मला हाक मारली. भोवरा होता. मग आम्ही तिला ओल्या मातीतून चालवलं. मागचं पाऊल पुढच्याच्या ठशापुढे चार बोटं पडत होतं.

"लिही त्यांना," काका म्हणाले. "चार बोटं. आणि विचार, तिकडे घोड्यांना मीठ काय देतात."

असं दोन वर्षं चाललं. दोन म्हातारे, मधे समुद्र आणि मी. अण्णा खुराला जवसाचं तेल लावायला सांगायचे, काका नालांची चित्रं काढून पाठवायचे. त्यातलं बरंच एकमेकांना पटत नव्हतं. काकांचा भोवऱ्यांवर विश्वास नव्हता, आणि दीड वर्षाच्या घोडीवर खोगीर ठेवतात हे कळल्यावर अण्णांनी तीन पानं रागाने लिहिली. "अजून हाडं कच्ची असतात," त्यांनी लिहिलं होतं. ते वाक्य मी काकांना वाचून दाखवलं. "त्यांना सांग," ते म्हणाले, "की ते चुकीचं बोलत नाहीत. पण इथे दोन वर्षांचा घोडाच मोठ्या शर्यतीत पळतो. नियम मी केले नाहीत."

पोरगी वाढली. तिला शर्यत सुटते त्या दाराच्या अरुंद पेटीत उभं राहायला शिकवलं, रोज, काही न करता फक्त आत जायचं, उभं राहायचं, बाहेर यायचं. रविवारी गावाबाहेरच्या एका शेतात माती दाबून केलेला सरळ ट्रॅक होता. लोक पिकअपमधून घोडे घेऊन यायचे, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून थंड चहा प्यायचे, आणि दोन-दोन घोडे पळवायचे. मी पहिल्यांदा पोरगीला तिथे पळताना पाहिलं तेव्हा मला काही दिसलंच नाही. दार उघडलं, छातीत ढोल वाजल्यासारखं झालं आणि ती संपूनही गेली होती. काकूंनी स्टॉपवॉच काकांपुढे धरलं. काकांनी ते हातात घेतलं, पाहिलं, परत दिलं. परतताना गाडीत काकू गुणगुणत होत्या.

तिचं नाव न्यू मेक्सिकोतल्या एका मोठ्या शर्यतीसाठी नोंदवलं गेलं. दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. आधी चाचणी शर्यती, त्यातल्या सगळ्यात वेगवान दहा घोड्यांची दोन आठवड्यांनी अंतिम.

त्याच उन्हाळ्यात अण्णा आले. आई गेल्यावर ते एकटेच होते. विमानतळावर उतरले ते कोट, पांढरी टोपी आणि हातात लोणच्याची बरणी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फाटकातून पलीकडे नेलं. काकांनी आपली टोपी काढली, अण्णांनी नमस्कार केला. मग दोघंही माझी वाट न बघता घोड्यांकडे चालू लागले. मी भाषांतर करायला मागे धावले तर काकू म्हणाल्या, "राहू दे. त्यांना लागणार नाही."

खरंच लागलं नाही. काका घोड्याचा ओठ वर करत, अण्णा दात बघून बोटांनी वय दाखवत. काका मान हलवत. पोरगीपाशी आल्यावर अण्णांनी कोट काढून कुंपणावर ठेवला, तिच्या मानेवरून, पाठीवरून, चारही पायांवरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "पत्रात लिहिलंस त्याहून बरी आहे."

जूनमध्ये काका-काकू तिला ट्रेलरमध्ये घालून न्यू मेक्सिकोला गेले. चाचणीच्या दिवशी दुपारी फोन आला. काकूंचा आवाज नेहमीसारखाच. "चौथी आली वेळेत. अंतिमला आहे." फोन ठेवला आणि मी अण्णांना सांगितलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

अंतिमसाठी मी आणि अण्णा गाडीने निघालो. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. पूर्ण दिवसाचा रस्ता, टेक्ससचा सपाट माळ, दोन्ही बाजूंना काही नाही. अण्णा खिडकीतून बघत होते. मधेच म्हणाले, "इथे जनावराला सावली कुठे मिळते?"

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही ट्रॅकच्या पागेत पोहोचलो. काका कॉफी आणायला गेले होते, काकू वेळापत्रक बघायला. मी सवयीने पोरगीच्या पायांवरून हात फिरवला. उजवा पुढचा गार. डावा पुढचा, गुडघ्याखाली नळीच्या हाडावर समोरच्या बाजूला, किंचित ऊन. मी अंगठ्याने दाबलं. तिने पाय झटकन उचलून घेतला. पुन्हा दाबलं. पुन्हा उचलला.

"अण्णा, जरा बघा."

अण्णा उकिडवे बसले. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही तळहात दोन्ही नळ्यांवर ठेवले. बराच वेळ तसेच बसले.

"आहे," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा ना काकांना. तुमचं ऐकतील ते."

अण्णा उठले, हात झटकले. "मी पर्यवेक्षक होतो. डॉक्टर तू आहेस," ते म्हणाले. "आणि मी सांगितलं तरी बोलणार तूच ना?"

काका हातात कागदी पेला घेऊन येताना दिसले. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांचा घोडा अशा शर्यतीला उभा राहणार होता. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"डावी नळी ऊन लागतेय," मी म्हटलं. "दाबलं की दुखतंय."

त्यांनी पेला खाली ठेवला. "काल संध्याकाळी मलाही वाटलं होतं," ते म्हणाले. "बर्फ लावला मी. सकाळी कमी वाटलं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे न बघता पोरगीच्या कपाळावरचा केसांचा झुपका सारखा करत होते.

"पळवली तर काय होईल, डॉक?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित हाड जाईल. दोन्हींपैकी कुठलं ते मला सांगता येत नाही."

"इथे निम्मे घोडे असेच पळतात."

"हो."

"तुझी असती तर?"

"मी नसती पळवली."

काकू केव्हा आल्या ते मला कळलं नाही. त्या काकांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं, दोरी त्याच्याभोवती गुंडाळली आणि पर्समध्ये टाकलं. काकांनी ते पाहिलं. मग ते ऑफिसच्या दिशेने चालत गेले, घोडी स्क्रॅच करायला, म्हणजे शर्यतीतून नाव काढून घ्यायला. उन्हात त्यांचा पांढरा शर्ट लांबपर्यंत दिसत होता.

दुपारी आम्ही चौघांनी कठड्याशी उभं राहून ती शर्यत पाहिली. निघून जाता आलं असतं, पण कुणीच तसं सुचवलं नाही. नऊ घोडे पळाले. जिंकणाऱ्या घोड्याची वेळ फळ्यावर लागली. पोरगीने चाचणीत घेतली होती त्याहून ती थोडी जास्तच होती. आमच्यातल्या प्रत्येकाला ते कळलं. अण्णांना आकडे वाचता येत होते. काकांनी टोपी थोडी पुढे ओढली आणि म्हणाले, "चला, तिला पाणी दाखवू."

परतल्यावर एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसलं नाही. डॉक्टर म्हणाला, अगदी बारीक चीर सुरुवातीला दिसत नाही, आणि नसेल तरीही दिसत नाही. मी तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून कितीदा पाहिला असेल. मी चुकले असेन तर त्या दोघांचं एकच स्वप्न मी एका अंगठ्याच्या दाबावर घालवलं होतं. शेवटी एका सकाळी मी काकांना सरळ विचारलं, तुम्हाला राग आलाय का?

ते पाण्याची टाकी घासत होते. "पहिले दोन दिवस आला होता," ते म्हणाले. "तुझ्यावर नाही. मला तू सांगायच्या आधी कळलं होतं आणि तरी मी तिला पेटीकडे नेणार होतो. त्याचा." त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. "पोरगी चालतेय ना नीट? मग ते सोडून दे."

अण्णा ऑगस्टमध्ये परत गेले. निघताना काकांनी त्यांना एक जुना खरारा दिला, लाकडी मुठीचा. अण्णांनी लोणच्याची बरणी काकूंना दिली. काकूंनी ती कधी उघडली की नाही मला माहीत नाही, पण आम्ही ते गाव सोडेपर्यंत ती वंशावळीच्या कपाटात ठेवलेली मी पाहिली.

पोरगीने चार महिने विश्रांती घेतली आणि पुढच्या वर्षी पळाली. छोट्या ट्रॅकवर तीन शर्यती जिंकली. त्या चाचणीतली वेळ तिने पुन्हा कधी दिली नाही. मग काकूंनी तिला पैदाशीला ठेवलं.

त्याच सुमारास तेलाचे भाव कोसळले. गावातल्या विहिरी एकेक करून थांबल्या, हॉटेलं बंद झाली, आणि नवऱ्याच्या कंपनीने अर्ध्या लोकांना घरी पाठवलं. आम्ही न्यू जर्सीला गेलो, वेस्ट विंडसरला, जिथे शेजारीपाजारी मराठी ऐकू यायचं आणि मराठी मुलांसाठी रविवारची शाळा होती. मी परीक्षा दिल्या. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. माझ्या दवाखान्यात मांजरं आणि कुत्री येत. घोडा एकही नाही. काकूंची पत्रं येत, शिक्षकी, सुवाच्य अक्षरातली. अण्णा गेले ते मी त्यांना कळवलं तेव्हा काकांनी स्वतः लिहिलं, उरलेल्या बोटांत पेन धरून, दोनच ओळी. तुझे वडील कमी बोलायचे आणि हात चांगला होता. अशी माणसं मला फार भेटली नाहीत.

दशक संपता संपता काकूंचा फोन आला. काकांचा खुबा मोडला होता, पागेचं काम आता होणार नव्हतं. घोडे विकायचे होते. तू येशील का, त्यांनी विचारलं. मी दवाखाना दोन दिवस बंद ठेवला आणि विमान पकडलं.

विक्री अंगणातच होती. लिलाव संपला आणि घेणाऱ्यांनी ट्रेलर मागे घेतले. काका काठी टेकून फाटकाशी उभे राहिले आणि जाणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या नव्या मालकाशी बोलले. या घोडीला उजवीकडून जवळ जा. हिला वादळाची भीती वाटते, तेव्हा एकटी ठेवू नका. हा दाणा सांडतो, त्याला खोल घमेलं लागतं. काही लोक घाईत होते, तरी टोपी काढून उभे राहत. पोरगी टेक्ससच्या एका बाईंनी घेतली. काकांनी त्यांना तिच्याबद्दल काही सांगितलं नाही, फक्त ट्रेलरचं दार स्वतः लावलं. कडी दोनदा ओढून बघितली.

संध्याकाळी पाचपर्यंत सगळं रिकामं झालं. काकू स्वयंपाकघरात चहा करायला गेल्या. काका आणि मी पायरीवर बसलो. समोर कुरण होतं, त्यात काहीच नव्हतं. मला वाटलं ते आता घोड्यांबद्दल बोलतील आणि मला रडू येईल.

"डॉक," ते म्हणाले, "मांजर आजारी आहे हे कसं ओळखतेस? घोडा तरी दाखवतो."

"लपवतात ती," मी म्हटलं. "कोपऱ्यात जाऊन बसतात. खात नाहीत. अंग चाटायचं थांबवतात."

"मग हात कुठे लावतेस पहिल्यांदा?"

मी सांगितलं. ते पुढे वाकून ऐकत होते, मान हलवत, मधे मधे प्रश्न विचारत. कानांचं काय? दात बघू देते का? चावते तेव्हा कशी धरतेस? काकू चहा घेऊन आल्या आणि आमच्याजवळ बसल्या. मी त्यांना माझ्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या मांजरीची गोष्ट सांगायला लागले, जिला श्वास लागायचा, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही तिच्याबद्दलच बोलत होतो.